मादागास्कर शिकायचंय? मग आधी इगतपुरी ते येवला बघा

शाळेतून ‘एका देशाची माहिती गोळा करा’ असा प्रकल्प आला की घरोघरी तेच चालतं. राजधानी, चलन, राष्ट्रध्वज, चार चित्रं, भोवती स्केचपेनची वेलबुट्टी आणि वर प्लास्टिकचं कव्हर. नाशिकच्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवताना असे गठ्ठेच्या गठ्ठे मी तपासलेत. देश पाठ होतो तो आईला. मुलाला विचारावं, ‘तिथले लोक भात का खातात रे?’ तर ते आईकडे बघतं.

निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजारपाजारची पोरं माझ्याकडे येतात. त्यांना मी एकच देश देते, मादागास्कर. आफ्रिकेच्या पूर्वेचं मोठं बेट, उष्ण कटिबंधातलं, आणि नाशिकच्या मुलाला समजायला सगळ्यात सोपं. साहित्य फार लागत नाही: शाळेचा नकाशासंग्रह, आलेख वही, पृथ्वीगोल, शिवणाचा दोरा आणि जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू. मोबाइल सुरुवातीला लांब ठेवा. एकदा लेमूरचे व्हिडिओ सुरू झाले की नकाशा कोणी उघडत नाही.

आकार आणि अक्षांश

नकाशासंग्रहात प्रत्येक पानाचं प्रमाण वेगळं, त्यामुळे मुलांना महाराष्ट्र आणि मादागास्कर सारखेच वाटतात. कॅलेंडरच्या पाठीवर दोन्ही एकाच प्रमाणात काढून घ्या. १ सेंटीमीटरला ५० किलोमीटर बरं पडतं, कागदात मावतं. मादागास्करचं क्षेत्रफळ ५,८७,०४१ चौरस किलोमीटर आणि आपलं ३,०७,७१३. म्हणजे महाराष्ट्र त्यावर दोनदा ठेवला तर थोडासाच बाहेर येतो. लांबी सुमारे १,६०० किलोमीटर. नाशिकहून नाकासमोर उत्तरेला निघालात तर श्रीनगर येईल एवढी. रुंदी मात्र कुठेही ६०० च्या वर नाही. याहून मोठी बेटं जगात तीनच आहेत: ग्रीनलंड, न्यू गिनी आणि बोर्निओ.

मग अक्षांश बघायचा. नाशिक २० अंश उत्तरेला. २० अंश दक्षिणेच्या रेषेवरून बोट फिरवत आफ्रिकेच्या पूर्वेला आलात की ते अंत्सिराबे शहराजवळून जातं. मुलं लगेच म्हणतात, मग तिथे आपल्यासारखंच ऊन असेल. नाही. एक तर ऋतू उलटे, आणि दुसरं म्हणजे ते शहर सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे. आपण मे महिन्यात कूलर लावतो तेव्हा तिथे थंडी सुरू झालेली असते, आणि जून-जुलैत पहाटे कधीकधी दव गोठतं. इथे घाई न करता मुलांना उलटसुलट प्रश्न विचारू द्या. पुढच्या पायरीला त्याचा उपयोग होतो.

छेद काढा. सगळा जीव यात आहे

मादागास्करची राजधानी नंतर सांगितली तरी चालेल. हा छेद, म्हणजे जमीन उभी कापली तर बाजूने दिसणारा चढ-उतार, आधी. आणि त्याच्याही आधी आपल्या जिल्ह्याचा.

कसारा घाट चढून वर आलं की इगतपुरी. धुकं, भातखाचरं, अंगावर पाऊस घेत चरणारी डांगी जनावरं. तिथून पूर्वेला नाशिक, द्राक्षांचं. अजून पुढे येवला, जिथे कांद्याला पाणी कुठून आणायचं ही चिंता. इगतपुरी आणि नाशिक दोन्ही समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहेत, येवलाही फार खाली नाही. पण पाऊस? इगतपुरीला ३,००० मिलिमीटरच्या पुढे, नाशकात ७०० च्या आसपास, येवल्याला ५०० च्या जवळपास. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना पाऊस टाकून मोकळे होतात आणि पुढच्यांच्या वाट्याला पर्जन्यछाया येते. हे पोरांना परीक्षेपुरतं पाठ असतं. जमलं तर जुलैत एकाच आठवड्यात दोन्हीकडे एसटीने फिरवून आणा. इगतपुरीला छत्री उलटी होते आणि येवल्याला ती बगलेतून बाहेर निघत नाही, एवढं बघितलं की पर्जन्यछाया पुन्हा शिकवावी लागत नाही.

आता आलेख वहीवर मादागास्कर. आडवं तेच प्रमाण, उभं १ सेंटीमीटरला ५०० मीटर. उंची शंभर पट फुगवलेली आहे, हे कोपऱ्यात लिहायला लावा. नाहीतर मुलांना वाटतं तिथे भिंतच उभी आहे. उजवीकडे पूर्व किनाऱ्यावर तोआमासिना बंदर, उंची शून्य. तिथून चढ झपकन हजार मीटरवर जातो. मध्ये पठार, त्यावर राजधानी अंतानानारिव्हो, सुमारे १,२८० मीटर. पुढे पश्चिमेकडे मोझांबिकच्या सामुद्रधुनीपर्यंत लांबलचक उतार. प्रत्येक गावावर पावसाची काडी उभी करा: तोआमासिना ३,००० च्या वर, राजधानीत १,३०० ते १,४००, पश्चिमेला मोरोंदावात ७०० ते ८००, आणि पार नैऋत्येच्या तोलियाराला जेमतेम ४००.

मुलांच्या लक्षात येतंच: तोआमासिना म्हणजे इगतपुरी, मोरोंदावा म्हणजे नाशिक, आणि तोलियारा येवल्याहूनही कोरडं. फक्त बाजू बदलली. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो म्हणून पोरांचा हात ढग काढताना आपोआप डावीकडे जातो. तिथे आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे वर्षभर हिंदी महासागरावरून बाष्प आणतात आणि पूर्वेच्या कड्यावर आपटतात. म्हणून ढगाआधी वाऱ्याचा बाण काढायचा, हा माझ्याकडचा नियम आहे. पूर्वेला जवळजवळ बारा महिने पाऊस. पठारावर आणि पश्चिमेला मात्र नोव्हेंबर ते एप्रिल असा एकच पावसाळा. चक्रीवादळंही त्याच महिन्यांत येतात, आणि बहुतेक पूर्वेकडून. २००४ चं गाफिलो आणि २०२२ चं बात्सिराई, दोन्ही पूर्व किनाऱ्यावरच आदळली.

छेद भिंतीवर चिकटवा. यापुढे जे काही शिकाल ते चिठ्ठीवर लिहून त्यावरच टांगायचं.

पहिली चिठ्ठी अंगणातून

सदाफुली मूळची मादागास्करची. गुलमोहरही. हे सांगितलं की पोरं दारातल्या कुंडीकडे अशी बघतात की जणू पाहुणा इतके दिवस नाव न सांगता राहिला. गुलमोहर तिथल्या पश्चिमेकडच्या कोरड्या, पानगळीच्या जंगलातला, म्हणून तो आपल्या कोरड्या उन्हाळ्यात खूश असतो. छेदावर त्याची जागा पश्चिम उतारावर. आपल्याकडे तो मे महिन्यात पेटतो, तिकडे वर्षाच्या शेवटी, कारण त्यांचा उन्हाळा तेव्हा. गंमत अशी की जगभर रस्त्यारस्त्याला लावलेलं हे झाड त्याच्या मूळ रानात आता विरळ झालंय.

सदाफुलीच्या पानांतून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टीन आजही वापरतात. त्याच दमात हेही सांगा की झाड विषारी आहे. मधुमेहावर सदाफुलीची पानं चावून खा असं सांगणारे आपल्याकडे गल्लोगल्ली भेटतात. त्यांचं ऐकू नका आणि मुलांना तोडलेलं पान तोंडात घालू देऊ नका.

गोरखचिंच तुम्ही कुठेतरी पाहिली असेल, तो आफ्रिकेचा बाओबाब. मादागास्करला बाओबाबच्या सहा जाती अशा आहेत ज्या दुसरीकडे कुठेही आपसूक उगवत नाहीत. मोरोंदावाजवळच्या कच्च्या रस्त्याच्या दुतर्फा बाओबाबची झाडं उभी आहेत. कोरड्या बाजूला, जाड बुंध्यात पाणी साठवून. छेद बघून हे मुलांनीच सांगितलं पाहिजे, तुम्ही नाही.

प्राण्यांचं थोडक्यात उरका, कारण ते मुलांना आधीच माहीत असतं आणि निम्मं चुकीचं असतं. तिथल्या रानात सिंह नाही, जिराफ नाही, झेब्रा नाही, हत्ती नाही, माकडसुद्धा नाही. लेमूर आहेत, शंभरावर जातींचे. जगातल्या सरड्यांपैकी रंग बदलणाऱ्यांच्या निम्म्या जाती इथल्या. तिथला मोठ्यात मोठा शिकारी सस्तन प्राणी फोसा, आणि तो काही वाघाएवढा नाही.

एक गैरसमज मात्र आवर्जून काढा. मादागास्कर आणि भारत एकेकाळी जोडलेले होते, म्हणून लेमूर तेव्हापासून तिथे अडकलेत, असं बरेच शिक्षकही सांगतात. हिशोब मांडा. ही जोडी आफ्रिकेपासून सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी सुटली. भारत मादागास्करपासून सुटला सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी. लेमूरचे पूर्वज तिथे पोहोचले त्यानंतर कितीतरी काळाने, बहुधा आफ्रिकेतून पुरात वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावर बसून. आणि आपल्या पांडवलेणीचा काळा दगड? तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपण मादागास्करला सोडून निघाल्यानंतर वाटेत ओतला गेलेला. पठारावरचा त्यांचा खडक त्याहून फार जुना आहे, त्यावर कोकणातल्या जांभ्यासारखी लाल माती. जंगल तुटलं की ती माती घळी पाडत वाहून जाते. बेत्सिबोका नदीचं मुख अवकाशातून काढलेल्या फोटोत लालभडक दिसतं. हा फोटो बघायला मोबाइल काढायला हरकत नाही.

भात, आणि बादलीतला प्रयोग

मादागास्करचा माणूस तिन्ही त्रिकाळ भात खातो म्हटलं तरी चालेल. पठारावरच्या दऱ्यांत, डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांची खाचरं. जोडीला वशिंडाची गुरं. आपल्या डांगीचा फोटो शेजारी ठेवला तर मुलं भाऊ-भाऊ म्हणतात. ही गुरं खाचरात चिखल तुडवायलाही वापरतात, आणि दक्षिणेत ज्याच्याकडे जास्त गुरं तो मोठा माणूस.

आता हे इगतपुरीच्या शेतकऱ्याशी कसं जोडायचं ते बघा. कृषी खात्याचे लोक भात लागवडीची जी ‘एसआरआय’ पद्धत सांगतात, ती मादागास्करमध्ये जन्मली. आंरी द लोलानिए नावाचे फ्रेंच धर्मगुरू तिथे शेतकऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं काम करत होते. १९८३ साली अंत्सिराबेजवळ त्यांनी कोवळी रोपं लावून पाहिली, आणि त्यातून ही पद्धत आकाराला आली.

गच्चीवर दोन जुन्या बादल्या घ्या, चिखल भरा. एकीत नेहमीची आवणी: महिन्याची रोपं, चार-पाचांचा एक चूड, वर बोटभर पाणी कायम. दुसरीत एसआरआय: आठ-दहा दिवसांचं, दोन पानांवर आलेलं एकच रोप. ते राबातून उपटायचं नाही. चमच्याने मातीसकट उचलायचं, मुळाला दाण्याचं टरफल तसंच राहू द्यायचं आणि अर्ध्या तासाच्या आत चिखलात आडवं सरकवायचं. मूळ वर वळता कामा नये. पाणी साचू द्यायचं नाही, माती ओलसर ठेवायची, मध्येच केसाएवढी भेग पडू द्यायची. शेतात दोन रोपांमध्ये साधारण २५ सेंटीमीटर अंतर ठेवतात. बादलीत ते शक्य नाही, म्हणून एकच रोप. मग दर रविवारी फुटवे मोजून वहीत लिहायचे. एकट्या रोपाची बादली पहिले पंधरा दिवस अगदी केविलवाणी दिसते. पोरं गुपचूप तिच्यात पाणी ओततात. लक्ष ठेवा.

उन्हाळ्यात सुरू केलं तर फुटवे मोजेपर्यंत शाळा उघडते, पण चालतं. पावसात ती बादली आडोशाला घ्या एवढंच.

भाताशेजारी व्हॅनिला ठेवा. रविवार कारंजावरच्या दुकानातून इसेन्सची बाटली आणा आणि मुलांना लेबल वाचायला सांगा. बहुतेकदा ते कृत्रिम असतं. खरा व्हॅनिला म्हणजे एका ऑर्किडच्या वेलीची शेंग. वेल मूळची मेक्सिकोची. मादागास्करात तिचं परागीकरण करणारा कीटक नाही, म्हणून प्रत्येक फूल माणसाने हाताने फळवायचं. फूल एका सकाळपुरतं उमलतं. बारीक काडीने आतला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग खाली दाबायचा, पुढच्या फुलाकडे जायचं. शेंग तयार व्हायला नऊ महिने, मग गरम पाण्यात बुडवून, घाम आणून, कित्येक आठवडे वाळवायची. तेव्हा कुठे वास येतो. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या घडाची विरळणी ज्यांनी पाहिलीय, त्यांना ही मेहनत कळते. ही हातकाडीची युक्ती १८४१ साली शेजारच्या रेयुनियाँ बेटावर एदमों आल्बियुस या गुलाम मुलाने शोधली. वय बारा. वर्गातल्या बारा वर्षांच्या पोरांना हे वाचून दाखवताना मी मुद्दाम थोडी थांबते. छेदावर व्हॅनिलाची जागा ओल्या पूर्वेला, ईशान्येच्या अंतालाहा आणि साम्बावाकडे.

माणसं कुठून आली, ते दोऱ्याने मोजा

पृथ्वीगोल आणि दोरा आता लागेल. मादागास्करपासून आफ्रिकेपर्यंत दोरा लावा: ४०० किलोमीटर. मग बोर्निओपर्यंत लावा. महासागर ओलांडून हजारो किलोमीटर. विचारा, भाषा कुठून आली असेल? सगळे आफ्रिका म्हणतात. मालागासी भाषेची सगळ्यात जवळची बहीण बोर्निओच्या आग्नेयेला बोलली जाते. पहिल्या सहस्रकात कधीतरी ही माणसं होड्यांतून आली, भाताची शेती घेऊन. आफ्रिकेतून आलेली माणसं आणि गुरं त्यांच्यात मिसळली, अरब व्यापारी आले, आणि एकोणिसाव्या शतकापासून पश्चिम किनाऱ्यावर गुजराती बोहरी-खोजा दुकानदारही. माणूस आल्यानंतरच्या शतकांत तिथला राक्षसी हत्तीपक्षी नामशेष झाला. त्याच्या एका अंड्यात आठ-नऊ लिटर मावायचं.

इतिहास दोरीवर वाळत घाला

सनावळ्या पाठ करून काही होत नाही. कपड्याची दोरी बांधा, चिमट्यांनी वर मादागास्करच्या चिठ्ठ्या लावा, खाली आपल्या.

१७८७ मध्ये पठारावर अंद्रियानाम्पोइनिमेरिना राजा झाला. (नाव तुकडे करून म्हणा: अंद्रिया-नाम्पोइ-नि-मेरिना. पोरांना यात फार मजा येते.) ‘समुद्र हाच माझ्या भातखाचराचा बांध’ हे त्याचं वाक्य तिथे सगळ्यांना ठाऊक. छेदाकडे बघून मुलांना विचारा: पठारावर बसलेल्या राजाला दोन्ही किनारे का हवेत? त्याचा मुलगा रादामा पहिला याला १८१७ च्या करारात इंग्रजांनी मादागास्करचा राजा मानलं. खाली चिठ्ठी: १८१८, पेशवाई गेली. एकाच वर्षाच्या अंतरात तेच इंग्रज एकीकडे राज्याला मान्यता देतात आणि दुसरीकडे राज्य बुडवतात. असं का, यावर भरपूर बोलू द्या.

१८२८ ते १८६१ राणी रानाव्हालोना पहिली. तिने मिशनऱ्यांना घालवलं, ख्रिस्ती झालेल्यांचा छळ केला. युरोपीय पुस्तकांनी तिला वेडी राणी करून टाकलं. तिने केलेले अत्याचार खरे आहेत, ते लपवू नका. पण देश परक्यांच्या घशात जाऊ नये म्हणून ती झटत होती हेही खरं, आणि हे लिहिणारे कोण होते तेही मुलांना विचारा. १८९६ ला फ्रान्सने बेट वसाहत केलं, १८९७ ला शेवटची राणी रानाव्हालोना तिसरी हद्दपार झाली आणि १९१७ ला अल्जिअर्समध्ये गेली. खाली लगेच रत्नागिरीचा थिबा राजवाडा लावा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी तिथे आणून ठेवलं, तो १९१६ ला वारला.

मग दोन चिठ्ठ्या, ज्यांच्यासाठी मी दोरी बांधते. २९ मार्च १९४७ ला मादागास्करात फ्रेंचांविरुद्ध उठाव झाला आणि तो भयंकर क्रूरपणे चिरडला गेला. मृतांच्या आकड्यावर इतिहासकारांत अजून वाद आहे, पण माणसं हजारोंनी मेली. खाली आपला १५ ऑगस्ट १९४७. दुसरी: २६ जून १९६०, मादागास्कर स्वतंत्र. खाली १ मे १९६०, महाराष्ट्र. आठ आठवड्यांचं अंतर! ज्यांचे आजी-आजोबा तेव्हा शाळेत होते, त्यांनी घरी जाऊन विचारून यायचं, त्या वर्षीचं काय आठवतं.

पितरांचा विषय टाळू नका

पठारावरच्या मेरिना आणि बेत्सिलेओ लोकांत फामादिहाना असते. थंडीच्या कोरड्या महिन्यांत, काही वर्षांतून एकदा, घराण्याचं थडगं उघडतात. पूर्वजांचे अवशेष बाहेर काढून नव्या वस्त्रात गुंडाळतात. वाजंत्री, नाच, सगळ्या गावाला जेवण. पूर्वजांना घरातल्या बातम्या सांगतात, मग पुन्हा ठेवून देतात. इंटरनेटवर हे भुताखेताच्या सुरात सांगितलेलं असतं. नाशिकच्या मुलांना त्या सुराची गरज नाही. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेली माणसं ती रोज बघतात, घरी पितृपक्षात पान वाढतात. त्यांना साधं सांगितलं की साधंच कळतं. ‘फादी’ म्हणजे निषेध, हेही सांगा: अमुक गावात अमुक प्राणी खायचा नाही, तमुक वारी शेतात जायचं नाही. गावागणिक वेगळे. काही फादींमुळे रानं आणि लेमूर वाचलेत, आणि काहींमुळे माणसांना जाचही झालाय. मुलांना आपल्या घरातल्या अशा गोष्टींची यादी करायला लावलीत तर आजीला मध्ये घ्या, नाहीतर भांडण होतं.

हे सगळं झाल्यावर राजधानी, चलन आणि झेंडा एका ओळीत लिहून टाका. शाळेला ते लागतंच.

मादागास्कर झालं की श्रीलंका घ्या. दिवाळीची सुट्टी पुरते, बेट महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही लहान आहे. तिथे नैऋत्य बाजूला मे ते सप्टेंबर आणि ईशान्य बाजूला डिसेंबर ते फेब्रुवारी असा पाऊस वाटून पडतो, तेव्हा छेदावर वाऱ्याचे बाण दोन काढावे लागतील, दोन रंगांत.